कुवेत दाखवणारी डिश

"फिरणारी डिश बसवतोस का तू?" हसन सारंगांनी दुकानाच्या पायरीवरूनच विचारलं.

पाऊस थांबला होता तरी त्यांनी छत्री मिटली नव्हती. मी हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली आणि स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत.

"बसवतो की, चाचा. कुणाकडे बसवायचीय?"

"माझ्याकडे. मला कुवेत बघायचंय."

एकोणीसशे नव्वदचा ऑगस्ट. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं त्याला दहा-बारा दिवस झाले होते आणि चाचांचा एकुलता एक मुलगा मन्सूर तिथे होता. मन्सूर शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं. सहा वर्षांपूर्वी तो कुवेतला गेला, एअरकंडिशनर दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या दुकानात लागला आणि मालकाचा उजवा हात झाला. चाचांचं घर खाडीपलीकडे. तिकडे फोन नव्हता. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मन्सूर रत्नागिरीत माझ्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात फोन करायचा. चाचा आणि मन्सूरची बायको नसीम खाडी ओलांडणाऱ्या तरीतून यायचे आणि पाच मिनिटं बोलून परत जायचे. ऑगस्टची तीन तारीख शुक्रवारच होती. त्या दिवशी दोघं सकाळी दहाला आले आणि दिवेलागणीपर्यंत फोनसमोर बसून राहिले. कुवेतच्या तारा आदल्या दिवशीच तुटल्या होत्या.

"एका जागी बसणारी डिश स्वस्तात होईल," मी म्हणालो. "पण तिला एकच उपग्रह दिसतो. मोटारीची घेतली तर खोलीत बसून बटण दाबायचं, डिश पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते. वाटेत जेवढे उपग्रह येतील तेवढे बघायचे."

"कुवेत कुठल्यावर आहे?"

"ते शोधावं लागेल."

"मग फिरणारीच पाहिजे." त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्याच्यावर जाड काच. दुसऱ्यावर दुधासारखा पडदा. "मिळेल ना?"

खरं सांगायचं तर कुवेतचं टीव्ही केंद्र त्या दिवसांत चालू तरी आहे का, हे मला ठाऊक नव्हतं. चालू असलं तरी त्याचं चित्र कोकणापर्यंत पोचतं का, हेही ठाऊक नव्हतं. पण मुंबईहून हौसेने मागवलेली डिशची मोटार चार महिने माझ्या माळ्यावर खोक्यात पडून होती. सबंध जिल्ह्यात तशी डिश कुणी बसवली नव्हती. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो.

"मिळेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सामान होडीत घालून मी पलीकडे गेलो. अंगणात जांभ्याचा कातळ होता. खांबासाठी अडीच हात खोल खड्डा खणायला दोन गड्यांना पुरा दिवस लागला. काँक्रीट घातल्यावर निदान पाच दिवस हात लावायचा नाही, असं मी सांगितलं तेव्हा चाचांनी आतून खुर्ची मागवली. ती खांबाशेजारी टाकून बसले. पाऊस आला की नसीम त्यांच्यावर ताडपत्री धरायची आणि हात धरून आत न्यायची. ओसरला की ते परत येऊन बसायचे. नसीम लग्न होऊन आली त्याला तीन वर्षं झाली होती. त्यातले साडेतीन महिनेच काय ते मन्सूर घरी होता.

"काही खात नाहीत," तिने मला चहा देताना हळू आवाजात सांगितलं. "चहात बेकरीचं बटर बुडवतात, तेवढंच. रात्री उठून दाराशी बसतात. तुमची डिश कधी चालू होईल, भाऊ?"

"रविवारी."

"नक्की?"

"नक्की, वहिनी."

जाळीची बारा फुटी डिश खांबावर चढवायची त्या दिवशी मी दिशा धरायला होकायंत्र घेऊन खांबाला टेकून उभा होतो. चाचांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"लोखंडाजवळ धरून काय बघतोस? खोटं बोलेल ते." ते वीस पावलं लांब गेले, पायाखालची जमीन चाचपली, यंत्र तळहातावर ठेवून थोडा वेळ थांबले आणि हाताने उत्तर दाखवली. चाळीस वर्षं जहाजावर सारंग म्हणून काढलेली. त्याआधी पोरवयात बापाबरोबर गलबतावरून मंगलोरी कौलं घेऊन बसऱ्यापर्यंत गेलेले.

मी डिश वळवून तिचं तोंड समुद्राकडे आणलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"कुवेत वायव्येला आहे. तू मावळतीला धरतोयस."

"ते चित्र सरळ येत नाही, चाचा. आधी वर जातं, उपग्रह विषुववृत्तावर असतो, तिथून खाली येतं. म्हणून तिरकं बघावं लागतं."

त्यांनी ते मनात घोळवलं. "म्हणजे खबर लांबून वळसा घेऊन येते."

"तसंच."

"मी कुवेत बघितलंय. एकोणपन्नास साली. सगळी मातीची घरं होती. मन्सूर सांगतो आता काचेच्या इमारती आहेत." त्यांनी होकायंत्र मला परत दिलं. "मला ओळखता यायचं नाही ते."

रविवारी मशीन चालू झालं. मन्सूरनेच आणलेला मोठा रंगीत टीव्ही ओटीवर होता, त्याच्याखाली मी मोटारीची पेटी ठेवली. पेटीवर लाल आकडे. बटण दाबलं की बाहेर लोखंडी दांडा कुरकुरत सरकायचा, डिश मान वळवायची आणि आकडे पुढे जायचे. चाचांना त्याचं नवल वाटलं नाही. ते खुर्ची पुढे ओढून पडद्यापासून हातभर अंतरावर बसले.

पहिल्या दिवशी दूरदर्शन सापडलं. आणखी खाली रशियाचं एक केंद्र सापडलं, त्यात बायका बर्फावर नाचत होत्या. त्यापुढे पडद्यावर नुसत्या मुंग्या. दुसऱ्या दिवशी मुंग्या. तिसऱ्या दिवशी मी डिशच्या मधला डबा काढून परत बसवला, तारा बदलल्या, खांबाला ओळंबा लावून बघितला. चाचा दर थोड्या वेळाने म्हणायचे, "अजून थोडी." मी बटण दाबायचो. आकडा एकाने पुढे जायचा. पडद्यावर तीच मुंग्यांची सरसर.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांना उठता येईना. नसीमने उचलून पाणी पाजलं. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी सलाईन लावा म्हणून सांगितलं. चाचा म्हणाले, सुई टीव्हीसमोर बसून लावत असाल तर लावा.

मी बाहेर जाऊन दांड्याचा खिळा काढला आणि डिश हाताने आणखी खाली, जवळजवळ समुद्रावर, ओढली. परत आत आलो. चारच्या सुमारास मुंग्यांमधून एक आवाज आला. माणूस बोलत होता, अरबी. मग चित्र हललं, थरथरलं, धरून राहिलं. रुंद रस्ता, त्यावर गाड्या. उंच इमारती. समुद्राकाठी बाकावर बसलेला एक पांढऱ्या कपड्यातला माणूस आणि त्याच्याजवळ खेळणारी मुलं.

चाचा सलाईनच्या हाताने खुर्चीचा दांडा धरून पुढे झुकले.

"कुवेत?"

मला माहीत नव्हतं. आखातात देश काय एक आहे? खाली कोपऱ्यात अक्षरं होती, ती मला वाचता येत नव्हती, चाचांना दिसत नव्हती. घरात चार दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. माझ्या बोटांना बटण दाबून दाबून घट्टे पडले होते.

"विनायक, कुवेत ना हे?"

"हो, चाचा," मी म्हणालो.

ते परत मागे टेकले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नसीम, जेवायला काय आहे?"

तिने भात आणि बांगड्याचं कालवण आणलं. त्यांनी सगळं खाल्लं, ताट पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मी दांडा नीट बसवायला गेलो तेव्हा नसीम विहिरीवर होती. तिने घागर खाली ठेवली.

"भाऊ, ते कुवेत नाही."

मी डिशकडे बघितलं.

"मी कुराण वाचते, अक्षरं मला लागतात. खाली नाव येतं त्यांचं. दुसरंच आहे."

"चुकलं माझं. मी आत्ता जाऊन सांगतो त्यांना."

"नको," ती म्हणाली. "सकाळी उठून नमाज उभ्याने पढले. दाढी केली. मन्सूर सुखरूप आहे म्हणाले, रस्त्यावर गाड्या चालू आहेत. आठवडाभराने सांगू. थोडी ताकद येऊ दे अंगात."

आठवडाभराने आम्ही सांगितलं नाही. त्यापुढच्या आठवड्यातही नाही. शेजारी रेडिओ ऐकून यायचे. लुटालूट, गोळीबार असं काही बोलू लागले की चाचा त्यांना ओटीवर बोलवायचे. "रेडिओवाला दिल्लीत बसून बोलतो. हे बघ. बघ, भाजी विकतायत." लोक पडद्याकडे बघायचे, चाचांच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि गप्प बसायचे.

आता ते रोज सकाळी तरीने माझ्या दुकानात येऊ लागले. फोन वाजला का, एवढं विचारायचे, चहा घ्यायचे आणि अकराच्या तरीने परत जायचे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ते कप खाली ठेवत होते आणि फोन वाजला.

"विनायक?" आवाज विहिरीतून यावा तसा. "मी मन्सूर. बगदादहून बोलतोय. बाबांना निरोप दे, मी…"

"चाचा इथेच आहेत," मी म्हणालो आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला, म्हणून मलाच तो त्यांच्या कानाशी धरावा लागला.

"मन्सूर? बरा आहेस ना? जखम-बिखम?… अल्हम्दुलिल्लाह." मग खूप वेळ ते नुसतं ऐकत होते. रिसीव्हर माझ्याच हातात होता, मला तुटक तुटक ऐकू येत होतं. मन्सूर बारा दिवसांपूर्वी कुवेतहून निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बस जॉर्डनकडे निघणार होत्या, तिथून मुंबईला विमानं होती. त्याच्याबरोबरचे काही जण मात्र परत कुवेतला जात होते, सामान राहिलं म्हणून. मालक उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कैरोला गेलेला, तिकडेच अडकला. दुकानाच्या आणि गोदामाच्या किल्ल्या मन्सूरच्या खिशात होत्या. त्याला काय करावं कळत नव्हतं.

"ऐक," चाचा म्हणाले. "मी रोज बघतो. टीव्हीवर. घरी डिश लावलीय, विनायकने लावून दिली. आता शांत आहे तिकडे. रस्ते चालू, बाजार चालू. पोरं समुद्रावर फिरतात. तू निघालास तेव्हाची गोष्ट वेगळी… किल्ल्या तुझ्याकडे आहेत ना? मग मालक येईपर्यंत दुकान कुणाच्या भरवशावर? विश्वासाने दिलंय त्याने. मी चाळीस वर्षांत एकदाही बोट टाकून उतरलो नाही… भीती वाटते हे कळतं मला. पण मी डोळ्यांनी बघतोय ना. थांब, विनायकला विचार. त्यानेच आणलं कुवेत."

त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाकडे ढकलला आणि माझा दंड धरून ठेवला.

"विनायक, खरंच का रे?" मन्सूर म्हणाला. "आम्ही निघालो तेव्हा घरं फोडत होते. आता शांत झालंय?"

चाचांचा चेहरा माझ्यापासून वीतभर. जाड काचेमागचा मोठा झालेला डोळा माझ्यावर.

"दिसतं तसं," मी म्हणालो.

"तू बघितलंस?"

"हो. दिसतं तसं, मन्सूर, पण…"

फोन कापला गेला. मी 'पण' म्हटलं ते त्याला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. त्या 'पण'च्या पुढे मी काही बोललो असतो की नाही, तेही मला सांगता येणार नाही.

चाचा अकराच्या तरीने गेले. खूश होते. पोरगं जिवंत होतं आणि इमानाने परत कामावर चाललं होतं. मी दुकान उघडंच टाकून पाठच्या तरीने निघालो. नसीम अंगणात कपडे वाळत घालत होती. मन्सूरचा फोन आला एवढंच चाचांनी तिला सांगितलं होतं, बाकी सगळं मी सांगितलं. तिने हातातला कपडा दोरीवर नीट पसरला, कडा सरळ केल्या, मग खाली बसली.

"त्यांनी जायला सांगितलं?"

"हो."

"आणि तुम्ही?"

मी सांगितलं.

ती उठली, डोक्यावरून ओढणी घेतली आणि चाचांना 'बाजारात जाऊन येते' एवढं सांगून माझ्याबरोबर निघाली. तरीने आम्ही परत रत्नागिरीला आलो. तार ऑफिसात खिडकीवरच्या माणसाला मी बगदादचा ट्रंक कॉल पाहिजे म्हटलं. त्याने नंबर विचारला. नंबर आमच्याकडे नव्हता. मन्सूर कुठल्या हॉटेलात होता, कुणाच्या फोनवरून बोलला, काहीच माहीत नव्हतं. नसीमने त्याला तीन-तीनदा सांगितलं की उद्या सकाळी बस निघणार आहे. तो चांगला माणूस होता. त्याने मुंबईच्या एक्स्चेंजला विचारलं, बगदादच्या भारतीय वकिलातीचा नंबर मिळवला, कॉल लावून ठेवला. आम्ही बाकावर बसलो. तीन वाजता त्याने मान हलवली. पाच वाजता म्हणाला, लाइन मिळत नाही, वकिलातीच्या पत्त्यावर तार करून ठेवा.

तारेचा कागद नसीमने माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही लिहा, इंग्रजीत. मन्सूर सारंग. परत जाऊ नको. घरी ये. नसीम."

"बाबांचं नाव घालू?" मी विचारलं. "त्यांचं म्हटल्यावर ऐकेल तो."

तिने थोडा विचार केला. "घाला."

तार गेली. ऑफिस बंद झालं तेव्हा तो माणूस आमच्याकडे बघून म्हणाला, उद्या सकाळी परत लावून बघतो. दुसऱ्या दिवशी आम्ही आठ वाजल्यापासून बसलो. लाइन अकराला मिळाली. पलीकडून कुणी तरी म्हणालं, इथे हजारो लोक येतायत, नाव लिहून घेतलंय. एवढ्यात कट झालं. तिकडे सकाळचे साडेआठ वाजले होते. बस निघाल्या असणार, जॉर्डनच्या आणि कुवेतच्याही.

"आता बाबांना सांगू?" मी पायऱ्या उतरताना विचारलं.

"आता सांगून काय होईल?" नसीम म्हणाली. "तो तर गेला. आता त्यांना तरी बरं वाटू दे."

महिन्याभराने माणसं आणणारी विमानं थांबली. जिल्ह्यातले पुष्कळ जण घरी आले. चाचा ज्याला त्याला भेटायला जायचे, मन्सूर दिसला का विचारायचे. कुणी सांगायचा, बसऱ्याच्या रस्त्यावर दिसला. कुणी सांगायचा, नाही दिसला. घरी येऊन ते टीव्ही लावायचे. डिसेंबरात त्यांचं पुन्हा जेवणावरून मन उडालं, तरी टीव्हीसमोरून ते हलत नव्हते. माझा पाय त्या घराकडे वळत नव्हता. काही बिघडलं म्हणून बोलावलं की जायचो, खाली मान घालून काम करून निघायचो.

जानेवारीत लढाई सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी होडीवाल्याबरोबर निरोप धाडला. मी गेलो तेव्हा ते नेहमीच्या खुर्चीत होते. मांडीवर ट्रान्झिस्टर, समोर टीव्ही. दोन्ही चालू.

"बस," ते म्हणाले. "रेडिओ सांगतोय कुवेतवर बाँब पडतायत. हजार विमानं."

"हो, चाचा. पेपरातही आलंय."

"मग हे काय?"

पडद्यावर पंधरा-वीस लहान मुलं ओळीत उभी राहून गाणं म्हणत होती. एक बाई पुढे उभी राहून हात हलवत होती.

"विनायक, मला नीट दिसत नाही. पण बाँब पडले तर घर हलतं, आवाज होतो, हे मला कळतं. बेचाळीसला मी रंगूनच्या धक्क्यावर होतो." त्यांनी ट्रान्झिस्टर बंद केला. "हे कुवेत नाही ना?"

"नाही."

"कधीपासून नाही?"

"पहिल्यापासून नाही, चाचा."

मुलांचं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. नसीम आतल्या दारात येऊन उभी राहिली होती.

"फोनवर तू होतास," चाचा म्हणाले.

"हो."

"तुला तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"मलापण ठाऊक होतं, बाबा," नसीम म्हणाली. "त्यांना मीच गप्प राहायला सांगितलं. तुम्ही कितीतरी दिवसांनी जेवला होतात."

चाचांनी तिच्याकडे मान वळवली. "तुझा नवरा आहे तो," ते म्हणाले. रागाने नाही. समजत नसल्यासारखे.

मग त्यांनी मला पेटीकडे बोट केलं. "फिरव."

"चाचा, तिकडे काही…"

"फिरव तू."

मी बटण दाबलं. बाहेर दांडा कुरकुरला. मुलं गेली, मुंग्या आल्या. आकडे एकेक करून पुढे जात राहिले. चाचा पडद्याकडे बघत होते. दांडा शेवटाला पोचला, मोटार आतल्या आत घुमली आणि थांबली.

"याच्या पुढे?"

"याच्या पुढे जात नाही ती."

"बरं," ते म्हणाले. "बंद कर."

त्यानंतर ते टीव्हीसमोर बसले नाहीत. पडवीत बसायचे, वायव्येला तोंड करून. मी तीन वेळा गेलो. एकदाही मला काही बोलले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. नसीम पुढ्यात पेज ठेवायची, ते एक घोट घ्यायचे. लढाई संपायच्या आठ दिवस आधी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, ते बसल्या जागी गेले. मुलगा नव्हता. गावातल्या लोकांनी खांदा दिला. मीही दिला.

मन्सूर मे महिन्यात आला. आला हे मला बाजारात कळलं. मी घरी गेलो नाही. आठव्या दिवशी तो दुकानात आला, स्टुलावर बसला. डावा पाय सरळ पुढे ठेवून बसला होता, तो गुडघ्यात वाकत नव्हता. केस अर्धे पांढरे. आमच्यात वयाचं अंतर दोन वर्षांचं. बघणाऱ्याला वीस वाटलं असतं.

"परत गेलो त्याच्या चौथ्या दिवशी गोदाम फुटलं," तो म्हणाला. "किल्ल्या हातात धरून उभा होतो मी. मला धरून नेलं, लष्कराची यंत्रं दुरुस्त करायला ठेवलं. पाय तिथे गेला." त्याने टेबलावरचा एक स्क्रू उचलला आणि परत ठेवला. "सहा महिने मी एकच विचार केला, विनायक. बगदादला बस दारात उभी होती. माझं नाव यादीत होतं. आणि माझा बाप मला सांगतो, जा, दुकान सांभाळ. कसली माया ही? कुणाच्या कुलपासाठी पोराला परत धाडलं. तिथे काळोखात पडलो असताना मी त्यांना काय काय बोललो असेन, ते तोंडाने सांगता येत नाही."

मी सोल्डरिंगची कांडी बंद केली.

"तूही म्हणालास, दिसतं तसं. म्हणून विचारायला आलो. काय दिसत होतं तुम्हाला?"

फोन टेबलावर होता, आमच्या दोघांच्या मध्ये. मी त्याला सांगितलं. ते चार दिवस, मुंग्या, सलाईन, समुद्राकाठचा बाकावरचा माणूस. मी हो म्हणालो ते. त्यांच्या डोळ्यांना खालची अक्षरं दिसत नव्हती ते. त्यांना खरोखरच वाटत होतं की कुवेत शांत आहे, आणि ते मी त्यांना वाटू दिलं. शेवटी डिश फिरवायला लावली तेही सांगितलं.

संपल्यावर तो म्हणाला, "नसीमला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मी नजर काढली नाही.

"आठ दिवस झाले येऊन," तो म्हणाला. "मी बाबांच्या कबरीवर गेलो नाही. लोक विचारतात, मी पाय दुखतो म्हणून सांगतो." तो टेबलाला धरून उठला. "मातीला तू होतास?"

"होतो."

"मग चल. कबर दाखव."

आम्ही तरीने गेलो. चढावर तो दोनदा थांबला, मी हात पुढे केला, त्याने धरला नाही. कबरस्तानात गवत वाळलं होतं. मी लांबूनच बोट केलं. पश्चिमेच्या दगडी गडग्याजवळची, डोक्याशी जांभ्याचा एकच दगड असलेली. तो पुढे गेला, वाकता न येणारा पाय बाजूला पसरून कसाबसा जमिनीवर बसला आणि मातीवर हात ठेवला.

मी तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. तो बापाशी बोलत होता, हळू, लहानपणी बोलत असेल तसा. मग मान न वळवता तो मला म्हणाला, "तू जा आता."

मी निघालो.